जंक्शनवर राहून तरंग पाठ कशाला करायचे?



टेस्टचं टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागलं की दोन ठिकाणी गर्दी होते. एक लायब्ररीत आणि दुसरी झेरॉक्सच्या दुकानात. दुसरी गर्दी नेहमीच मोठी! दोलनं-तरंग आणि ऑप्टिक्स या दोन युनिटचे 'आयएमपी' नावाचे आठ-दहा कागद तिथे मिळतात. मागच्या पेपरांत काय आलं, कुठलं डेरिव्हेशन 'फिक्स' आहे, न्यूटन्स रिंग्ज यंदा येणारच... सगळं तयार. रात्रभर रट्टा मारायचा, सकाळी उत्तरपत्रिकेत ओतायचं आणि दुपारच्या गाडीत बसेपर्यंत विसरून जायचं. यालाच आपण 'रिव्हिजन' म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ही रिव्हिजन नव्हे. आणि भुसावळसारख्या गावात राहून दोलनं, तरंग आणि प्रकाश झेरॉक्सवरून शिकायचं म्हणजे तापीकाठी बसून पाण्याची बाटली विकत घेण्यासारखं आहे. (भुसावळला तेही करावं लागतं असं कोणी म्हणेल. असो!)

आता लगेच आवाज येणार, "लेक्चर झाडायला काय जातं भो? आम्हाला पास व्हायचंय." बरोबर आहे. आपल्यातले कितीतरी जण जळगाव, मलकापूर, बोदवड, रावेरहून अपडाऊन करतात. गाडी लेट झाली की पहिलं लेक्चर गेलं. संध्याकाळी घरी पोहोचून जर्नल पूर्ण करायचं. कोणाच्या घरी केळीची बाग, कोणाच्या घरी दुकान. तिथेही हात लावावा लागतो. अशा मुलाला ते आठ कागद मोठा आधार वाटतात. त्याला 'मन लावून अभ्यास कर' असा उपदेश करणं सोपं आहे, आणि फुकटचंही. मी तो करणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. समजून केलेली रिव्हिजन आयएमपीपेक्षा कमी वेळात होते. पटत नसेल तर हिशेब करून बघू.

या दोन युनिटमध्ये मिळून पंधरा-वीस फॉर्म्युले असतील. पण नीट पाहिलं तर बहुतेकांच्या मागे एकच युक्ती आहे. दोन आकडे घ्यायचे आणि त्यांची तुलना करायची. दोलनात एक आकडा ढकलणाऱ्याच्या वारंवारतेचा, दुसरा वस्तूच्या स्वतःच्या वारंवारतेचा. तरंगात एक तरंगलांबी, दुसरा वाटेत आलेल्या वस्तूचा आकार. व्यतिकरणात एक दोन किरणांच्या वाटेतला फरक, दुसरी पुन्हा तरंगलांबी. जुळले की एक गोष्ट घडते, नाही जुळले की दुसरी. एवढं डोक्यात बसलं तर अर्धा सिलॅबस झाला. आणि हे आकडे शोधायला आपल्याला स्टेशनच्या पलीकडे जायची गरज नाही.

डबा, स्प्रिंग आणि तेरा मीटरचा रूळ

रेल्वेच्या डब्याखाली स्प्रिंगा असतात हे आपण लहानपणापासून बघतो. समजा डब्याच्या वजनाने स्प्रिंग २० सेंटीमीटर दबली. डबा स्वतःच्या मर्जीने वर-खाली किती वेळा हलेल? डब्याचं वजन माहीत नाही, स्प्रिंगचा स्थिरांक माहीत नाही. बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात. पण स्प्रिंगचा स्थिरांक म्हणजे वजन भागिले दबलेलं अंतर. तो फॉर्म्युल्यात घातला की वस्तुमान कटून जातं. उरतं काय? गुरुत्वीय त्वरण भागिले दबलेलं अंतर, आणि त्याचं वर्गमूळ. ९.८ भागिले ०.२ म्हणजे ४९. वर्गमूळ ७. ही झाली कोनीय वारंवारता, ७ रेडियन प्रति सेकंद. आवर्तकाल ०.९ सेकंद, वारंवारता १.१ हर्ट्झ. म्हणजे डबा सेकंदाला एकदापेक्षा थोडा जास्त हेलकावे खाणार.

हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा रुळातून येतो. आपल्याकडे रूळ जोडायचे तेव्हा एकेक रूळ १३ मीटरचा असायचा. प्रत्येक सांध्यावर चाकाला धक्का. म्हणजे दर १३ मीटरला एक धक्का. हे धक्के सेकंदाला १.१ वेळा कधी बसतील? वेग १३ गुणिले १.१, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचौदा मीटर, म्हणजे ताशी ५२ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला दोन्ही आकडे जुळले! डबा उसळू लागणार. यालाच पुस्तकात 'फोर्स्ड ऑसिलेशन' आणि 'रेझोनन्स' म्हणतात.

मग डबा उसळत का नाही? कारण स्प्रिंगच्या जोडीला डँपर असतो. आत तेल, तेलाला छोट्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत जाते आणि आयाम मर्यादेत राहतो. 'डँपिंग' हा शब्द पाठ करायची गरजच काय? ऊर्जा कुठे गेली एवढं विचारा. अंडर, क्रिटिकल आणि ओव्हर डँपिंगमध्ये गोंधळ होत असेल तर एखाद्या ऑफिसचं आपोआप बंद होणारं दार आठवा. दोन-चार वेळा मागेपुढे झुलून थांबलं तर अंडर. कंटाळा येईल इतकं हळूहळू सरकलं तर ओव्हर. न झुलता लवकरात लवकर बंद झालं तर क्रिटिकल.

हल्ली मेन लाइनवरचे रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेले असतात, म्हणून तो जुना खडखडाट फार ऐकू येत नाही. पण यार्डात, लूपलाइनवर ऐकू आला तर एक गंमत करा. बोगीच्या दोन चाकांची 'खट्-खट्' ही जोडी एक धरायची आणि ४७ सेकंदांत अशा किती जोड्या येतात ते मोजायचं. जो आकडा येईल तोच गाडीचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये! का? १३ गुणिले ३.६ करून पाहा. ४६.८ येतं. अपडाऊनवाल्यांना याहून चांगलं न्यूमेरिकल कुठलं पुस्तक देणार?

दुसरं उदाहरण दीपनगरचं. तिथल्या ५०० मेगावॅटच्या संचांचे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात. ३००० भागिले ६० म्हणजे ५०, म्हणजेच आपल्या घरातल्या विजेची वारंवारता. पण एवढ्या लांब आणि जड रोटरला वाकण्याची स्वतःची वारंवारताही असते. अशा मोठ्या रोटरचे 'क्रिटिकल स्पीड' ३००० च्या खालीच येतात. म्हणून मशीन सुरू करताना त्या वेगावर रेंगाळायचं नसतं, झटकन पुढे जायचं असतं. तिथे थांबलं तर कंपनं वाढत जातात आणि बेअरिंगची वाट लागते. आपल्या गावाबाहेरच्या चिमण्यांखाली रेझोनन्सला रोज असा चकवा दिला जातो, आणि आपण मात्र 'डिफाइन रेझोनन्स, टू मार्क्स' करत बसतो.

आता आयएमपीतलंच एक लाडकं वाक्य तपासू. 'रेझोनन्समुळे अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल पडला.' हा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून कोसळला हे खरं. पण आपली युक्ती लावा. पुलाची स्वतःची वारंवारता हा एक आकडा. ढकलणाऱ्याची वारंवारता कुठे आहे? वारा तर सलग वाहत होता, ठरावीक ठेक्यात धक्के देत नव्हता. दुसरा आकडाच नाही! खरी गोष्ट अशी की पूल जसा पिळायचा तसा वाऱ्याचा दाब बदलायचा आणि तो दाब पुलाला आणखी पिळायचा. पूल आपल्याच हालचालीने वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होता. इंजिनिअर याला 'फ्लटर' म्हणतात. साध्या रेझोनन्सपेक्षा ही वेगळी भानगड आहे. झेरॉक्स हे कधी सांगणार नाही, दोन आकड्यांचा प्रश्न मात्र लगेच शंका काढतो.

आणि टॅकोमापर्यंत जायचं तरी कशाला? आपल्याच जळगाव जिल्ह्यात, एरंडोल तालुक्यात फरकांड्याचे झुलते मनोरे प्रसिद्ध होते. एक मनोरा हलवला की दुसरा हलायचा. अहमदाबादच्या सिदी बशीरच्या मनोऱ्यांची ख्याती देशभर, पण आपल्या मनोऱ्यांबद्दल आपल्याच वर्गात किती जणांना माहीत आहे? कपल्ड ऑसिलेशनचं याहून उत्तम उदाहरण मिळणार नाही. एका आडव्या दोरीला सारख्या लांबीचे दोन लोलक टांगा आणि एकाला झोका द्या. थोड्या वेळाने पहिला थांबतो, दुसरा झुलू लागतो. मग पुन्हा उलट. ऊर्जा दोरीतून इकडून तिकडे जाते. एका लोलकाची लांबी बदला, खेळ बिघडतो. पुन्हा तेच, दोन आकडे जुळायला हवेत. फरकांड्याच्या जोडीतला एक मनोरा पूर्वीच कोसळला, त्यामुळे ती जोडी आता पुस्तकातच बघायची. पण खान्देशातल्या कोणी कारागिरांनी असं काही उभं केलं होतं याचा अभिमान वाटायला हरकत नाही, आणि उत्तरात उदाहरण म्हणून लिहायलाही नाही.

हॉर्न, ऊन आणि रुळातली चीर

तरंगांकडे येऊ. डॉप्लरने आपला सिद्धांत १८४२ मध्ये मांडला. तो ध्वनीसाठी कोणी आणि कुठे तपासला माहीत आहे? १८४५ मध्ये हॉलंडमध्ये, बाईज बॅलट या शास्त्रज्ञाने, आणि तोही रेल्वेवर! उघड्या वॅगनवर तुतारीवादक बसवले, रुळाशेजारी चांगल्या कानाचे वादक उभे केले आणि गाडी पळवली. म्हणजे या धड्याची पहिली लॅब रेल्वेलाइनच होती. आपण तर रेल्वेच्या अंगणातच राहतो.

आकडे घालू. गाडी सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. ध्वनीचा वेग ३५० मीटर. हॉर्न ४०० हर्ट्झचा. येताना ऐकू येणार ४३७ च्या आसपास, जाताना ३६८. दोन्हींचं गुणोत्तर जवळजवळ १.१९. पेटी वाजवणाऱ्यांना सांगायचं तर तीन पट्ट्यांचा फरक, कोमल गंधारावरून थेट षड्ज! आता टेस्टमध्ये हमखास होणारी चूक. 'गाडी जवळ येते तसतसा स्वर चढत जातो' असं बरेच जण लिहितात. नाही! गाडी आपल्याकडे सरळ एकसारख्या वेगाने येत असेल तर स्वर आधीपासूनच चढलेला असतो आणि तसाच राहतो. वाढतो तो आवाजाचा मोठेपणा. स्वर उतरतो तो गाडी समोरून जाताना. प्लॅटफॉर्मवर न थांबणारी गाडी जाऊ द्या आणि कान देऊन ऐका (पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून!), पुन्हा चुकणार नाही.

मी ध्वनीचा वेग ३५० का घेतला, ३३० का नाही? कारण आपण भुसावळला राहतो. शून्य अंशाला ३३१ मीटर, आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की वेग ३५८ होतो, डिसेंबरच्या १० अंशांच्या रात्री ३३७. आपल्या उन्हाला निदान एवढा तरी उपयोग असू दे!

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, अल्ट्रासॉनिक्स. आयएमपीत याचं शीर्षक असतं 'अॅप्लिकेशन्स, एनी फोर'. चार ओळी पाठ, चार मार्क. पण रुळावरून एक छोटी ट्रॉली ढकलत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती रुळाच्या पोटात बघत असतात. त्या ट्रॉलीतला पिझोइलेक्ट्रिक स्फटिक (क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला परिणाम) २ ते ४ मेगाहर्ट्झचे तरंग रुळात सोडतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. ४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी किती? दीड मिलिमीटर. आता समजा कोणी विचारलं, साधा ऐकू येणारा १००० हर्ट्झचा आवाज का नाही वापरत? तर त्याची पोलादातली तरंगलांबी येते ५.९ मीटर. काही मिलिमीटरची चीर त्याला दिसणारच नाही, तो तिला वळसा घालून निघून जाईल. तरंगलांबी आणि वस्तूचा आकार, पुन्हा दोन आकडे!

न्यूमेरिकल करा. ६० किलोचा रूळ (म्हणजे मीटरला ६० किलो) १७२ मिलिमीटर उंच असतो. वरून सोडलेला तरंग तळाला आपटून परत यायला किती वेळ? जायचं-यायचं अंतर ३४४ मिलिमीटर, भागिले ५९०० मीटर, उत्तर ५८ मायक्रोसेकंद. रूळ निर्दोष असेल तर प्रतिध्वनी तेवढ्या वेळाने येणार. पण २० मायक्रोसेकंदांनीच एक प्रतिध्वनी आला तर? ५९ मिलिमीटर खोलीवर काहीतरी आहे. बहुधा चीर. आणि ट्रॉलीतून रुळावर सारखं पाणी का सोडतात? कारण मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा तरंग तिथूनच परत फिरतो, रुळात शिरतच नाही.

थंडीत रूळ आकसू पाहतो. वेल्ड केलेल्या लांब रुळाला आकसायला जागा नसते, त्यामुळे त्यात ताण वाढतो आणि छोटी चीर तुटण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून ही चीर आधी सापडायला हवी. आपल्या रोजच्या गाडीतली शेकडो माणसं त्या २० मायक्रोसेकंदांवर विसंबून असतात. याला 'अॅप्लिकेशन, एनी फोर' म्हणायचं?

प्रकाशाला अंतर मोजता येतं

ऑप्टिक्समध्ये न्यूटन्स रिंग्जचं डेरिव्हेशन सगळ्यांना पाठ असतं आणि मधला ठिपका काळा का, हे कोणालाच सांगता येत नाही. मध्यभागी भिंग काचेला टेकलेलं, हवेचा थर शून्य, दोन किरणांच्या वाटेत फरक शून्य. मग तो चकाकायला हवा! पण खालच्या काचेवरून, म्हणजे विरळ माध्यमाकडून घन माध्यमावर आपटून परतणारा किरण अर्ध्या तरंगलांबीने उलटतो. एक वर, एक खाली, बेरीज शून्य. हे एक वाक्य समजलं की पातळ थरांच्या सगळ्या अटी आपोआप निघतात. प्रत्येक वेळी फक्त विचारायचं, उलटणारा किरण एक की दोन? पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळ डबक्यावर तेलाचे रंग दिसतात तिथेही हाच प्रश्न. साबणाचा फुगा फुटायच्या आधी वरच्या बाजूला काळपट होतो तोही याच कारणाने.

आकडाही लक्षात ठेवा. भिंगाची वक्रता त्रिज्या १ मीटर, सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९३ अँगस्ट्रॉम, तर दहाव्या काळ्या कड्याचा व्यास येतो ४.९ मिलिमीटर. सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग 'घेताना' कोणी सेंटीमीटर लिहिलं असेल तर इथेच पकडलं जाईल! भिंग आणि काच यांच्यात पाणी भरलं तर पाण्यात तरंगलांबी आखूड होते, कडी आत सरकतात आणि तोच व्यास ४.२ मिलिमीटर होतो.

विवर्तनासाठी लॅबची ग्रेटिंग मिळेपर्यंत वाट बघू नका. घरात जुनी सीडी पडलेली असेलच. तिच्यावरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. साध्या लाल लेझर पॉइंटरची (६५० नॅनोमीटर) झोत तिच्यावर सरळ पाडली की पहिला बाजूचा ठिपका २४ अंशांवर येतो. फूटपट्टीने भिंतीवर मोजा आणि पडताळा. डीव्हीडी घेतली तर ओळी जवळ, ०.७४ मायक्रोमीटरवर, म्हणून ठिपका पार ६१ अंशांवर. (झोत कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.) आणि याच विचाराने हेही कळतं की भिंतीआड उभ्या मित्राची हाक ऐकू येते, पण तो दिसत का नाही. ३५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी १ मीटर, दाराएवढी. प्रकाशाची अर्धा मायक्रोमीटर. दार प्रकाशासाठी भलंमोठं मैदान आहे, तो वळणार कशाला?

ध्रुवीकरणाचं यंत्र तर परीक्षेत तुमच्या हातातच असतं. कॅल्क्युलेटर! पोलरॉइड गॉगलमधून त्याची स्क्रीन बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनाला आकडे दिसेनासे होतात. तोच गॉगल घालून हतनूरच्या पाण्याकडे बघा. पाण्यावरची चकाकी बरीच कमी होईल, कारण ५३ अंशांच्या आसपास परतणारा प्रकाश ध्रुवित असतो. ब्रूस्टरचा नियम म्हणजे एवढंच. फायबर ऑप्टिक्सचं उदाहरण हवं असेल तर रुळांच्या कडेने जमिनीत गेलेली रेलटेलची केबल आठवा. ती कंपनी २००० साली निघाली. काचेच्या तंतूतून चित्र पाठवण्याचं काम इंग्लंडमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ मध्ये जगापुढे मांडणारे नरिंदरसिंग कपानी आपल्याच देशातले, हेही एक वाक्य लिहून टाका.

आधी आपल्या भाषेत

आता जरा अडचणीचं बोलतो. आपल्यातले बरेच जण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. तेव्हा परावर्तन, अपवर्तन, तरंगलांबी हे शब्द अर्थासकट कळत होते. पुढे सगळं इंग्रजीत आलं आणि शब्द राहिले, अर्थ गळाला. व्हायवाला 'व्हॉट इज रेझोनन्स?' विचारलं की घशाला कोरड पडते. पण खान्देशातल्या कुठल्याही मुलीला विचारा, आखाजीला निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्याला धक्का कधी द्यायचा? ती हसेल. झोका मागे येऊन पुढे निघतो तेव्हा, दर वेळी, बरोबर त्याच ठेक्यात. अवेळी दिला तर झोका अडतो. झालं की उत्तर! ४ मीटरच्या दोराच्या झोक्याला एक हेलकावा पूर्ण करायला ४ सेकंद लागतात, त्यावर पोर बसो की मावशी बसो. लोलकाच्या फॉर्म्युल्यात वस्तुमान नाही याचा अर्थ तोच.

म्हणून माझं आग्रहाचं मत आहे. रिव्हिजन आधी आपल्या बोलीत करावी. मराठी, अहिराणी, लेवा, तावडी, हिंदी, जी घरात बोलता ती. मित्राला समोर बसवून सांगा. जिथे अडखळाल तिथे समजलेलं नाही, हे तिथल्या तिथे कळतं. मग तेच इंग्रजीत लिहा, कारण पेपर इंग्रजीत आहे आणि नोकरीतही इंग्रजी लागणार आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. ते चांगलं की वाईट यावर वाद घालणारे घालोत. पण मनातल्या मनात समजून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. इंग्रजी टाळण्यासाठी मी हे सांगत नाही, इंग्रजीत पोकळ लिहिणं टळावं म्हणून सांगतो.

मग टेस्टसाठी करायचं काय? तीन संध्याकाळी पुरतात. पहिल्या दिवशी दोलनं. प्रत्येक उदाहरणात परत आणणारं बल कुठलं, ऊर्जा कुठे जाते, दोन वारंवारता कुठल्या, एवढं लिहा. दुसऱ्या दिवशी तरंग आणि अल्ट्रासॉनिक्स, प्रत्येक ठिकाणी तरंगलांबी काढून वस्तूशी ताडा. तिसऱ्या दिवशी ऑप्टिक्स, वाटेतला फरक आणि उलटणारे किरण. डेरिव्हेशन शेवटी एकदा न बघता लिहा आणि उत्तराची एककं तपासा. लांबीच्या जागी सेकंद आले तर चूक कुठे आहे ते सापडतंच. आणि हो, आयएमपीचे कागद फेकू नका. शेवटच्या तासात, आपल्याला काय काय येतं हे तपासायला ते उत्तम आहेत. अभ्यास म्हणून वाईट, तपासणी म्हणून छान.

एक विनंती आपल्या सरांना आणि मॅडमनाही. मुलं पाठ करतात कारण पेपरही पाठच विचारतो. प्रत्येक टेस्टमध्ये फक्त एक प्रश्न असा घाला की ज्याचं उत्तर कुठल्याच झेरॉक्समध्ये नसेल. 'फलाट तीनवर उभे राहून ध्वनीची तरंगलांबी अंदाजे काढा', 'या प्रतिध्वनीवरून चिरेची खोली सांगा'. पाच मार्कांचाच असू द्या. सुरुवातीला ओरड होईल, पण दोन टेस्टनंतर मुलं रुळाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतील.

कारण टेस्ट वीस मार्कांची असो की पन्नास, ती संपणार आहे. आपल्यातला कोणी उद्या लोको शेडमध्ये जाईल, कोणी दीपनगरला कंट्रोल रूममध्ये बसेल, कोणी ट्रॅकवर ट्रॉलीमागे चालेल. डिसेंबरच्या थंडीत स्क्रीनवर ५८ च्या आधी, २० मायक्रोसेकंदांवर एक बारीक टोक उठेल. ते बघून थांबायचं की पुढे जायचं, हे त्या क्षणी त्यालाच ठरवावं लागेल. ते टोक कुठल्याच आयएमपीत नसेल, आणि मागून गाडी येत असेल.

तेव्हा यंदा झेरॉक्सच्या रांगेत उभं राहण्याआधी एकदा स्टेशनवर चक्कर मारून या. प्लॅटफॉर्म तिकीट आयएमपीपेक्षा स्वस्त पडतं!